धान्याऐवजी रोकड : पण बाईचा बाजार कुठला?

‘गरिबाला धान्य कशाला? पैसे द्या. तो त्याला हवं ते, हव्या त्या दुकानातून घेईल.’ अर्थशास्त्राच्या परिसंवादात, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि मंत्रालयाच्या टिपणांत हे वाक्य गेली कित्येक वर्षं फिरतं आहे. वाक्य ऐकायला गोड आहे. त्यात स्वातंत्र्य आहे, निवड आहे, आधुनिकता आहे. अलीकडे तर त्याला आपलीच भाषा चिकटवली जाते : ‘बाईच्या हातात पैसा गेला की ती सक्षम होते.’

या वाक्यात एक पात्र गाळलेलं आहे. तो म्हणजे दुकानदार. ‘हवं ते दुकान’ म्हणजे नेमकं कोणतं? महिन्याच्या वीस तारखेला जिच्या डब्यात पीठ नाही, ती बाई कोणत्या दुकानाच्या पायरीवर उभी असते? तिथे तिला काय भावाने मिळतं, किती मिळतं आणि त्याच्या बदल्यात काय द्यावं लागतं? हा प्रश्न विचारल्याशिवाय रोकड की धान्य या वादात उतरणं म्हणजे हवेत काठी फिरवणं आहे.

दुकान बाई निवडत नाही, दुकान तिला निवडतं

ज्या घरात पगार एक तारखेला येतो, त्या घरात ‘महिन्याचं सामान’ भरलं जातं. यादी होते, दोन दुकानांचे भाव बघितले जातात, स्वस्त पडतं म्हणून पाच किलोची पिशवी, पंधरा लिटरचा डबा आणला जातो. स्वस्ताई ही अशी आगाऊ पैसे मोजणाऱ्याला मिळते. ज्या घरात मजुरी रोजची किंवा आठवड्याची आहे, तिथे खरेदीही रोजची किंवा आठवड्याची असते. पावशेर डाळ, दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहाची पुडी, चार अंडी, एक कांद्याचा वाटा.

याचा हिशेब सोपा आहे. समजा तूरडाळ किलोला १६० रुपये आहे. पाव किलो घेतली तर दुकानदार ४५ सांगतो, म्हणजे किलोला १८० पडले. दहा रुपयांची मागितली तर पुडीत पन्नास ग्रॅम येते, म्हणजे किलोला २०० झाले. एकच दुकान, एकच पोतं, आणि सर्वांत गरीब बाई सर्वांत जास्त भाव देते. हा दुकानदाराचा वाईट स्वभाव नव्हे, हा बाजाराचा नियमच आहे. ज्याच्या हातात एकदम पैसा नाही त्याने जास्त मोजायचं.

त्यावर उधारीची वही. वस्तीतला किराणावाला ओळखीचा असतो, अडीनडीला देतो, हे खरं आहे. ती वही नसती तर अनेक घरांत आठवड्यातून दोन दिवस चूल पेटली नसती, हेही खरं. पण वहीवर घेणारीला भाव विचारता येत नाही. डाळीत खडा निघाला तरी परत करता येत नाही. दुसऱ्या दुकानात दोन रुपये कमी आहेत हे माहीत असूनही तिकडे जाता येत नाही, कारण तिकडे गेलेलं इकडच्याला दिसतं. ‘मागचं आणा, मग पुढचं न्या’ हे चार माणसांदेखत ऐकून घ्यावं लागतं. आणि हे ऐकायला घरातून कोणाला पाठवतात? पुरुषाला उधारी मागायची लाज वाटते, म्हणून बाई जाते किंवा शाळेतल्या मुलीला पाठवलं जातं. दुकानदाराची नजर, त्याचं ‘बस जरा, देतो’, त्याचं बोलणं हे सगळं त्या उधारीचं व्याज असतं. कुठल्याही वहीत ते लिहिलेलं नसतं.

याहूनही वाईट अवस्था आहे, जिथे दुकान आणि मालक एकाच साखळीत असतात. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीला निघालेलं जोडपं म्हणजे कारखान्याच्या भाषेत एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेऊन ते दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतं. कारखान्याच्या तळावर किराणा मिळतो तो मुकादमाच्या ओळखीवर. आठवड्याची ‘खर्ची’ मिळते ती उचलीत मांडली जाते. रोख म्हणून बाईच्या हाती येतात ते वाढे विकून आलेले पैसे. पहाटेपासून मोळ्या वाहिल्यानंतर वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या, त्या विकायच्या आणि त्यातून तेल-मीठ-मिरची आणायची. रायगड-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबांचं हेच चालतं. बाजाराच्या दिवशी मालक खर्ची देतो, त्या खर्चीतून आठवड्याचा तांदूळ आणि सुकट येते, आणि हंगाम संपला तरी मालकाचं देणं संपत नाही. इथे अन्न विकत घेणं हेच वेठबिगारीचं साधन आहे. अशा बाईला ‘हवं ते दुकान निवड’ असं सांगणं ही थट्टा आहे.

आठवडी बाजाराचं तंत्रही आपल्याला माहीत आहे. बाया सकाळी जात नाहीत, बाजार उठता उठता जातात. तेव्हा मेथीची जुडी निम्म्या भावाने मिळते, मऊ पडलेले टोमॅटो वाट्याने मिळतात. तांदळाऐवजी कणी, मटणाऐवजी वजडी, ताज्या मासळीऐवजी जवळा. ही बाईची हुशारी आहे आणि तिचं कौतुक करून आपण थांबतो. पण ही हुशारी फुकट येत नाही. तिच्यात तिचे तास जातात, पाय जातात आणि शेवटी ताटात काही कमी पडलंच तर ते तिच्याच ताटात कमी पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २०१५-१६ मध्ये ४८ टक्के रक्तक्षयी होत्या, २०१९-२१ च्या पाहणीत ५४.२ टक्के. काटकसरीच्या त्या हुशारीची पावती ही अशी रक्तात मिळते.

रेशन दुकानाचं मोल कशात आहे

या सगळ्या दुकानांत एकच दुकान असं आहे जिथे भाव आधीच ठरलेला असतो, घेणारीचा हक्क कायद्यात लिहिलेला असतो आणि पावशेर घेणारी व पंचवीस किलो घेणारी यांना एकच दर लागतो. ते म्हणजे रेशनचं दुकान. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या दर माणसाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात हा कायदा फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ ने रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई नेमली. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर जिचं नाव शोधून सापडत नाही, तिचं नाव निदान या एका कागदावर पहिलं आलं.

हे धान्य घरात असलं की बाईला किराणावाल्याकडे सगळंच मागावं लागत नाही. पोटाचा मोठा भाग भरलेला असतो, उधारी तेल-डाळीपुरती राहते. म्हणजे रेशनचं दुकान फक्त धान्य देत नाही, ते दुसऱ्या दुकानदाराची तिच्यावरची पकड सैल करतं. त्याचं हे काम कोणत्याही अनुदानाच्या तक्त्यात दिसत नाही.

याचा अर्थ रेशन दुकान म्हणजे स्वर्ग, असं कुणी समजू नये. तिथल्या लबाड्यांशी आपण जितकं भांडलो तितकं कुणी भांडलं नसेल. दुकान महिन्यातून चार दिवस उघडं, काटा मारलेला, पावती नाही. यंत्र आलं तेव्हा चोरी थांबेल असं सांगितलं. पण भांडी घासून, ऊस तोडून, विटा वाहून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही, आणि यंत्राची चूक बाईच्या माथी येते. मग ई-केवायसी आली. परगावी कामाला गेलेल्या माणसाचं नाव वगळलं जाईल या धास्तीने मजुरी बुडवून रांगा लागल्या. एका देशात एक कार्ड झालं, पण ऊसतोडीच्या तळावरच्या बाईला जवळच्या दुकानात ‘आमच्या गावचं कार्ड नाही’ म्हणून परत पाठवलं जातंच.

आणि दाराबाहेर ठेवलेल्यांचं काय? १९९७ साली लक्ष्यनिर्धारित वितरण आलं आणि सर्वांचं रेशन मोडलं. १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं असे तीन रंग आले. २०१३ च्या शासननिर्णयात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ती शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये. भागाकार करून बघा. शहरात महिन्याला पाच हजारांच्याही आत, गावात ३,७०० च्याही आत. चार घरची धुणीभांडी करून सहा हजार कमावणारी एकटी बाई या हिशेबाने सुखवस्तू ठरते. शिवाय राज्याचा इष्टांक म्हणून सुमारे सात कोटींचा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधला गेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे वाढलेली माणसं हिशेबात आली नाहीत. तहसीलमध्ये ‘इष्टांक पूर्ण’ हे दोन शब्द ऐकून किती बाया परत फिरल्या असतील!

शिवाय पाच किलो म्हणजे काय? दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या मराठवाड्याला प्रामुख्याने गहू-तांदूळ. म्हणून एखादी बाई रेशनचा थोडा तांदूळ विकते आणि तेल आणते. त्यावर लगेच बोंब होते, ‘बघा, यांना धान्याची गरजच नाही!’ तिने तांदूळ विकला कारण कोरडा भात मुलाच्या घशाखाली उतरत नाही. गुन्हा तिचा नाही, शिध्यातून डाळ-तेल वगळणाऱ्यांचा आहे. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला गेला. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर रेशन दुकानातून डाळ आणि तेल मिळू शकतं हे सिद्ध झालं. मग ते सणापुरतंच का? भूक काय पंचांग पाहून लागते?

रोकडीचा अनुभव काय सांगतो

आता रोकडीकडे येऊ. हा वाद कल्पनेतला राहिलेला नाही, आपल्याच राज्यात प्रयोग झाला आहे. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून दोन रुपये किलो गहू आणि तीन रुपये किलो तांदूळ माणशी पाच किलो मिळत होता. २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी धान्य देणं थांबवलं. राज्याने स्वतः धान्य खरेदी करून दिलं असतं तर तो उपाय झाला असता. ज्या जिल्ह्यांत शेतमालाला भाव नाही म्हणून शेतकरी मरतो, तिथल्याच शेतकऱ्याची ज्वारी-तूर घेऊन तिथेच वाटता आली असती. त्याऐवजी २०२३ मध्ये धान्याच्या जागी माणशी महिना १५० रुपये बँकेत टाकायचं ठरलं. २०२४ मध्ये ते १७० केले.

पाच माणसांचं घर घ्या. १७० च्या हिशेबाने महिन्याला ८५० रुपये. वीस किलो गहू आणि पाच किलो तांदूळ आणायचा आहे असं धरू. गहू ३२ आणि तांदूळ ४२ असेल तर ६४० आणि २१०, म्हणजे नेमके ८५०. कागदावर जमलं! आता गहू ३६ आणि तांदूळ ४८ झाला. लागले ९६०. एकशे दहा रुपये कुठून आणायचे? पाच किलो धान्य हे भाव चढले तरी पाच किलोच राहतं. दीडशे रुपये मात्र दर महिन्याला थोडे थोडे झिजतात. महागाईचा धोका आधी सरकारच्या अंगावर होता, तो उचलून बाईच्या पदरात टाकला. रोकड योजनेचा हा खरा अर्थ आहे.

आणि हे ८५० सुद्धा एक तारखेला हातात पडत नाहीत. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, कधी आधार जोडलेलं नाही म्हणून अडकतात. खातं बघायला तालुक्याला जायचं, भाडं खर्चायचं, एक रोज बुडवायचा. तोवर घर कशावर चाललं? वहीवर. म्हणजे पैसे आले तेव्हा ते आधीच किराणावाल्याचे झालेले असतात. धान्य घरात येतं ते पोटासाठी येतं. पैसे येतात ते सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या देणेकऱ्याकडे जातात. बचतगटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता, दवाखाना, नवऱ्याची बाटली आणि मग उरलं तर पीठ.

इतर राज्यांनीही हे भोगलं आहे. झारखंडमध्ये रांची जिल्ह्यातल्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये असाच प्रयोग झाला. एक रुपया किलोचा तांदूळ सुमारे बत्तीस रुपयांना घ्यायचा आणि फरक बँकेत येणार. लोक आधी बँकेच्या रांगेत, मग केंद्राच्या रांगेत, मग रेशनच्या रांगेत. लोकांनी मोर्चे काढले आणि २०१८ मध्ये सरकारला तो प्रयोग गुंडाळावा लागला. कर्नाटकाला २०२३ मध्ये वाढीव पाच किलो तांदूळ केंद्राकडून विकत मिळेना, तेव्हा किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये द्यायला सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पैसे थांबवून पुन्हा तांदूळच द्यायचा निर्णय घेतला. मग महाराष्ट्राने कुणाची वाट बघायची?

‘पण बाईच्या हातात पैसा नको का?’

हा प्रश्न आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात आणि तो टाळता येणार नाही. बाईला आयतं धान्य देणं म्हणजे तिला काय खायचं हे सरकारने ठरवणं, यात अपमान नाही का? पैसा दिला तर ती दूध घेईल, अंडी घेईल, स्वतःसाठी काही घेईल.

बाईच्या हातात पैसा हवाच. तिच्या श्रमाची पूर्ण मजुरी म्हणून हवा, पेन्शन म्हणून हवा, बाळंतपणातला बुडालेला रोज म्हणून हवा. २०२४ पासून लाडक्या बहिणीच्या नावाने मिळणारे दीड हजार रुपयेही कुणी नाकारू नयेत. आपला विरोध पैशाला नाही, धान्य काढून घेऊन त्याच्या जागी दिलेल्या पैशाला आहे. पैसा आणि धान्य हे दोन वेगळे हक्क आहेत. एक देऊन दुसरा काढून घेणं याला सक्षमीकरण म्हणत नाहीत, अदलाबदल म्हणतात.

दुसरं म्हणजे घरात शिरताना पैसा आणि धान्य सारखे वागत नाहीत. हे बायकांना पुस्तक न वाचता कळतं. धान्याच्या डब्यावर बाईची सत्ता असते. पुरुषी घरव्यवस्थेने तिला चुलीशी बांधलं, पण त्यामुळेच डब्यातलं पीठ तिच्याकडून हिसकावून कुणी गुत्त्यावर नेत नाही. नोट मात्र उंबरा ओलांडताच ‘घरातल्या कर्त्या’ची होते. ही विषमता आपल्याला मोडायची आहेच. पण ती मोडेपर्यंत तिच्या मुलांनी उपाशी राहावं का?

तिसरं, निवडीचं. निवड म्हणजे हातात पैसा एवढंच नसतं. जवळ दुकान हवं, दुकानात माल हवा, भाव परवडणारा हवा आणि नको म्हणायची ताकद हवी. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्यातल्या पाड्यावर, जिथे आठवड्यातून एकदा बाजार भरतो, तिथे रेशन दुकान बंद पडलं तर दुकानदार सांगेल तो भाव. समोर स्वस्त दुकान आहे म्हणून तर खाजगी दुकानदार थोडा दबून असतो. ते उठलं की निवड उरत नाही, मक्ता उरतो.

लाटणं विसरू नका

१९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एका मोर्चात आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांनी ‘आमच्या खात्यात पैसे टाका’ असं म्हटलं नाही. त्यांनी गोदामात दडवलेली साखर, तेल, रॉकेल शोधून काढलं, अधिकाऱ्यांना घेराव घातला, रेशनवर माल आणि योग्य भाव मागितला. माल कुठे अडतो, कोण अडवतो आणि कोणत्या दुकानात पोचायला हवा, असा त्यांचा प्रश्न होता. घरातल्या चुलीचा प्रश्न त्यांनी बाजाराच्या आणि सत्तेच्या दारात नेऊन ठेवला. आज तोच प्रश्न उलट्या दिशेने, पुन्हा एकेका बाईच्या एकेका खात्यात कोंडला जातो आहे. खात्याचा मोर्चा निघत नाही. पैसे आले नाहीत तर प्रत्येकजण एकटी बँकेच्या खिडकीशी उभी राहते.

म्हणून येत्या काळात आपल्या बैठकांतून हे विषय घ्यावेत.

पहिलं काम पाहणीचं. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या दहा घरांची एका आठवड्याची खरेदी लिहून काढावी : कोणती वस्तू, किती, कोणत्या दुकानातून, रोख की उधार, आणायला कोण गेलं, किती वेळ गेला. नावं नकोत, आकडे हवेत. ‘हवं ते दुकान’ म्हणणाऱ्यांपुढे हीच वही ठेवायची.

आणि मागण्या या :

१. चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना रोकडीऐवजी पुन्हा धान्य द्यावं. ते स्थानिक शेतकऱ्यांकडून हमीभावाने घ्यावं आणि त्यात ज्वारी-बाजरी असावी.

२. रेशनवर डाळ आणि खाद्यतेल दरमहा मिळावं, सणापुरतं नको.

३. ५९,००० आणि ४४,००० ची उत्पन्नाची मर्यादा रद्द व्हावी. एकट्या बाया, घरकामगार, ऊसतोड कामगार, कातकरी आणि इतर आदिवासी यांना उत्पन्नाचा दाखला न मागता कार्ड द्यावं.

४. अंगठा जुळला नाही म्हणून एकीलाही परत पाठवू नये. नोंदवहीत सही घेऊन त्याच दिवशी धान्य द्यावं. धान्य मिळालं नाही तर कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता द्यावा.

५. कारखान्याच्या तळांवर आणि वीटभट्ट्यांजवळ हंगामभर रेशनचं दुकान चालावं, म्हणजे मुकादमाच्या ओळखीशिवाय बाईच्या घरात पीठ येईल.

६. दुकानं देताना महिला बचतगटांना प्राधान्य हे धोरण कागदावर राहू नये. त्यांना माल वेळेवर आणि कमिशन पुरेसं मिळावं. गाव आणि वॉर्डाच्या दक्षता समित्यांत कार्डधारक बायकांना जागा मिळावी आणि समितीची बैठक दुकानासमोर, उघड्यावर व्हावी.

धान्य कुठून घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार बाईला हवा असेल, तर आधी तिच्या गावात असं एक दुकान जिवंत राहिलं पाहिजे जिथे ती कुणाची ऋणको नाही. ते दुकान वाकडं चालत असेल तर ते सरळ करायला भांडू. बंद मात्र करू द्यायचं नाही.